तीन ठिपक्यांचं हेड

या सगळ्या प्रकरणाला सुरुवात झाली ती एका ब्युरेटवरून. ब्युरेट म्हणजे काचेची लांब नळी, अंगावर मिलिलिटरच्या बारीक खुणा आणि बुडाशी तोटी. कळंबच्या एका विद्यालयात अशा अकरा ब्युरेटी होत्या आणि त्यांचे रक्षणकर्ते होते प्रयोगशाळा सहायक शंभुलिंग हत्तरगे, म्हणजेच शंभूअप्पा.

शंभूअप्पा भित्रे होते असं म्हणणं म्हणजे मांजरा नदी ओली आहे असं म्हणणं. ॲसिडची बाटली कपाटातून काढताना ते तोंडानं 'ॐ नमः शिवाय' पुटपुटत. एसटीत चढले की आधी संकटकाळी बाहेर पडायची खिडकी शोधत आणि तिच्याशेजारी बसत. मग ही वाटेत आपोआप उघडली तर, या विचारानं उठून दुसरीकडं बसत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही परीक्षानळी फुटली नव्हती. फुटणार कशी? ते शक्यतो परीक्षानळीला हातच लावत नसत.

अशा माणसाकडं एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, शेजारच्या रामकिसनराव टेकाळ्यांची राजनंदिनी आली. तिनं पाठीवरची सॅक टेबलावर ठेवली तशी टेबलावरची स्पिरिटच्या दिव्यांची रांग थरथरली आणि अप्पाही.

"अप्पा, एक ब्युरेट पायजे. तासभर."

राजनंदिनी कृषी सहायक होती. दिवसभर जुन्या आरएक्स हंड्रेडवरून गावोगाव सोयाबीन बघत हिंडायची. तिची गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली की अप्पा फाटकाच्या आत होत. आता ही पोरगी त्याच गाडीवर शर्यत खेळणार होती. तेरखेड्याच्या अलीकडं माळावर एका बंद पडलेल्या कारखान्याचा सरळ रस्ता होता, तिथं. चारशे मीटर, दोन गाड्या, वळण नाही.

"तेरा-चौदा सेकंदात सगळं संपतं, अप्पा."

"सगळं म्हणजे?" अप्पांनी घाबरून विचारलं.

"शर्यत हो!"

सॅकमधून तिनं तीन हेडं काढली. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण, बाहेरून पंख्यासारख्या पात्या असलेलं. आत पेट्रोलचा भडका उडतो आणि तो अडवून धरायचं काम या झाकणाचं. आतली पोकळी जितकी लहान तितका दाब जास्त, आणि तितकी गाडी पळते. म्हणून पूर्वीचे शौकीन कंपनीचं हेड काढून ठेवत आणि एखाद्या नामी मिस्त्रीनं बनवलेलं हेड लावत. त्यांतल्या काही मिस्त्र्यांची हेडं आज तीस-पस्तीस वर्षांनीही लोक जुन्या बाजारात हुडकत फिरतात.

"सास्तूरच्या दगडोबा मिस्त्रीचं हेड सगळ्यात भारी," राजनंदिनी म्हणाली. "वळखायची खूण म्हणजे प्लगच्या भोकाशेजारी पंचानं ठोकलेले तीन ठिपके."

"मग यातलं कुठलं त्यांचं?"

"तीच तर गंमत हाय. तिन्हीवर ठिपके हायेत."

नाव झालं की नक्कल आलीच. सोलापूरच्या जुन्या बाजारात तिला ही तिन्ही एकाच गोणपाटावर मिळाली होती. विकणाऱ्यानं तिन्हींबद्दल वेगवेगळ्या देवांच्या शपथा घेतल्या होत्या. आता पोकळी मोजून बघायची, म्हणून ब्युरेट.

काच-सामान हा अप्पांचा प्रांत होता. ते ब्युरेट दुसऱ्याच्या हाती देणं शक्य नव्हतं, म्हणून मोजायला तेच बसले. पहिलं हेड उलटं ठेवलं, भोकात प्लग बसवला, वर ग्रीस लावून मधे भोक पाडलेली काच दाबली आणि तोटीतून पातळ तेल थेंबथेंब सोडलं. चकचकीत हेडात साडेबारा मिली मावलं. म्हणजे कंपनीचंच, वरून पॉलिश मारलेलं. दुसऱ्यात अकरा. तिसरं काळपट, बेढब. त्याच्या पात्यांत चिखल वाळला होता. त्यात नऊ पूर्णांक दोन दशांश मिलीच भरलं. पोकळीच्या कडेची उतरण एवढी एकसारखी होती की अप्पांनी नकळत तिच्यावरून बोट फिरवलं. सव्वीस वर्षांत त्यांना प्रयोगशाळेत पहिल्यांदाच मजा येत होती.

नेमक्या त्याच वेळी दारात मुख्याध्यापिका दीपमाला मॅडम उभ्या राहिल्या. अप्पांच्या हातून ब्युरेट निसटली, राजनंदिनीनं ती झेलली.

"हे काय चाललंय हत्तरगे?"

सगळं राजनंदिनीनंच सांगितलं आणि शेवटी सॅकमधून एक छापील अर्जही काढला. आयोजकांचा नियम असा होता: बाहेरून बनवलेलं जुनं हेड लावायचं असेल तर ते 'ओळखून व तपासून' दिल्याचा जाणकाराचा दाखला हवा. आणि जाणकार म्हणजे 'अनुदानित संस्थेतील तांत्रिक कर्मचारी'.

"मी शिक्षकेतर आहे, मॅडम," अप्पा कसेबसे म्हणाले.

"प्रयोगशाळा म्हटलं की तांत्रिकच," मॅडम म्हणाल्या. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनीची शर्यत म्हटल्यावर त्यांना उत्साहाचं भरतं आलं होतं. "शिक्का मी देते, जावक क्रमांक देते. फक्त सही तुमची."

फक्त सही! अप्पांनी आजवर पगारपत्रक आणि लग्नातल्या आहेराची पाकिटं सोडून कशावरही सही केली नव्हती.

संध्याकाळी रामकिसनराव ओसरीवर येऊन बसले. ते निवृत्त तलाठी. जगातल्या प्रत्येक संकटाला एक नमुना क्रमांक असतो अशी त्यांची श्रद्धा होती.

"सही करायची अप्पा, पण उद्या अंगलट येऊ नये अशी. वर लिवायचं, 'सकृद्दर्शनी'. या एका शब्दावर म्या बत्तीस वर्षं नोकरी काढली."

"पण रामकिसनराव, पोरगी तुमची. काय झालं-बिलं तर?"

रामकिसनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तलाठ्याला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले, "मी न्हाय म्हणून बघितलं. ती ऐकत न्हाय. आता तुमी बघितलंय म्हणल्यावर मला जरा धीर हाय."

त्या धीराचं ओझं अप्पांच्या छातीवर जे बसलं ते काही केल्या उतरेना.

मोजमापावरून तिसरं हेड खरं वाटलं तरी ते दगडोबांचंच कशावरून? म्हणून पुढच्या रविवारी दोघं सास्तूरला निघाले. अप्पांना एसटीनं जायचं होतं, पण तिकडं बस बदलत बदलत जायचं म्हणजे दिवस मोडणार. शेवटी ते राजनंदिनीच्या मागं बसले. 'चाळीसच्या वर न्यायची नाही' ही अट त्यांनी उमादेवींच्या, म्हणजे आपल्या पत्नीच्या साक्षीनं घातली होती. राजनंदिनीनं ती पाळली, बायपासपर्यंत. पुढचं अप्पांना फारसं आठवत नाही. औशाजवळ चहाला थांबले तेव्हा त्यांची बोटं तिच्या सॅकच्या पट्ट्यातून एकेक करून सोडवावी लागली.

दगडोबा मिस्त्री सास्तूरच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या घरापुढं बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, नजर गेलेली, हात मात्र अजून अडकित्त्यासारखे. राजनंदिनीनं पहिलं हेड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा आत घातला आणि दुसऱ्याच क्षणी ते खाली ठेवलं. "न्हाय." दुसरंही ठेवलं. "हे माझं न्हाय. माझ्या नावाचं हाय."

तिसऱ्यावर मात्र अंगठा थांबला. कडेकडेनं एक फेरी मारली, पुन्हा मारली.

"व्हय. हे माझं. हितं बघा, एका जागी कड जरा दबती. माझ्या लेथचा चक, म्हंजी पकड, तेवढी हलायची. अशी चारच काढली हुती, भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात. मग लेथ गेला, अन् माझ्या हाताखालचा भाऊबी गेला. त्याच्यामागं म्या पुन्हा हेड कातलं न्हाय."

आतून म्हातारीनं गूळ-पाणी आणून ठेवलं.

उठताना दगडोबा म्हणाले, "मास्तर, एक ध्यानात ठिवा. हेड खरं हाय. पण खरं असणं येगळं अन् धड असणं येगळं. तीस-बत्तीस साल झालं त्याला. कुणी किती तापवलं, किती आवळलं, त्ये मला अंगठ्यानं कळत न्हाय."

'मास्तर' या शब्दानं अप्पा इतके सुखावले की पुढचं वाक्य त्यांच्या कानात शिरलंच नाही. माणसाला घाबरण्याची इतकी सवय असली की सुखाच्या वेळी तो नेमका नको तिथं निर्धास्त होतो. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी दाखल्यावर सही ठोकली. 'सकृद्दर्शनी'सुद्धा लिहायचं विसरले. मॅडमनी शिक्का मारला, जावक क्रमांक पडला आणि कागद गेला.

बुधवारी रामकिसनरावांनी त्या अर्जाची झेरॉक्स वाचायला घेतली आणि तलाठ्याच्या सवयीनं पाठीमागची बाजूही वाचली.

"अप्पा, कलम चौदा बघितलं का?"

"काय आहे?"

"'दाखला देणारी व्यक्ती गाडी सुटेपर्यंत इंजिनापासून पाच फुटांच्या आत उभी राहील.'"

अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग त्यांना दगडोबांचं ते दुसरं वाक्य आठवलं, शब्द न् शब्द. आपण हेड ओळखलं होतं, तपासलं कुठं होतं? त्यांनी ते राजनंदिनीकडं परत मागितलं, पण ते एव्हाना गाडीवर चढलं होतं आणि गाडी ट्युनिंगला गेली होती. "अप्पा, तुमी दाखला दिलाय की," ती हसून म्हणाली. आपल्याच सहीनं आपलं तोंड बंद होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढचे तीन दिवस गल्लीनं त्यांना धीर दिला. पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं की त्याच्या साडूच्या गावात एका गाडीचा प्लग आट्यांसकट उडाला आणि पत्र्यातून आरपार गेला. दूधवाल्याच्या तोंडी तो पत्र्यातून जाऊन म्हशीच्या शिंगाला लागला होता. शनिवारपर्यंत म्हैस मेली होती आणि शेजारी उभा असलेला माणूस लातूरला ॲडमिट होता. "पण तुमचं तसं काय हुणार न्हाय," असं प्रत्येक जण शेवटी म्हणायचा आणि अप्पांकडं शेवटचं बघितल्यासारखं बघायचा.

"नुसतं उभं ऱ्हायचंय नव्हं?" उमादेवी म्हणाल्या. "मग एवढं काय त्यात?" पण रविवारी सकाळी त्यांनी अप्पांच्या कपाळावर रोजच्या दुप्पट विभूती लावली. त्यावरून अप्पा काय समजायचं ते समजले. त्यांनी डोळ्यांना प्रयोगशाळेचा गॉगल लावला, अंगात पांढरा ॲप्रन चढवला आणि शर्टाच्या आत, बरोबर काळजावर, लॉग टेबलची दोन पुस्तकं खोचली.

माळावर सकाळीच जत्रा भरली होती. भजी, रसवंती, पिपाण्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोर बांधले होते आणि मधे गाड्या अशा ओरडत होत्या की लॉग टेबलं छातीवर थरथरत होती. आयोजक रणधीर हा गळ्यात शिट्टी अडकवलेला दांडगा तरुण होता. अप्पांचा ॲप्रन बघून त्यानं त्यांना डॉक्टर समजून अँब्युलन्सपाशी नेऊन उभं केलं. अप्पांना ती जागा फार आवडली. पण राजनंदिनीनं त्यांना पाहिलं.

"अप्पा! हिकडं!"

ती हेल्मेट घालून, काळ्या जॅकेटमध्ये, गाडीवर बसली होती. शेजारच्या पट्ट्यात उमरग्याचा वीरप्पा गाडी तापवत होता. रामकिसनराव दोराच्या पलीकडं उभे होते, टोपी हातात, चेहरा कोऱ्या सातबाऱ्यासारखा. अप्पा इंजिनापासून पाच फुटांवर गेले. राजनंदिनीनं गाडी तापवायला मूठ पिळली. अप्पांना प्लगचं तोंड सरळ आपल्या लॉग टेबलांवर रोखलेलं दिसत होतं.

आणि त्याच क्षणी 'धडाम्' झालं.

अप्पा जमिनीवर पालथे पडले. मेलो, असं त्यांना वाटलं. मग मेल्यावरही भज्यांचा वास येतोय हे लक्षात आलं. माणसं हसत होती.

"ओ काका, तेरखेडा हाय हे!" कुणीतरी ओरडलं. "फटाक्याची चाचणी घेत्यात तिकडं. रोजचंच हाय!"

मॅडम चार शिक्षकांना घेऊन आल्या होत्या, त्यांनीही मान वळवली. अप्पांना उठावंसंच वाटेना. गॉगल वाकडा, नाक इंजिनाच्या पातळीवर, अशा अवस्थेत ते पडून राहिले आणि लाजेनं समोर बघत राहिले. समोर दगडोबांचं हेड होतं. उभ्या माणसाला कधी दिसली नसती अशी, खालच्या दोन पात्यांच्या मधे, प्लगच्या भोकापासून निघालेली एक ओली तपकिरी रेघ होती. केसाएवढी. इंजिन गुरगुरलं की तिच्यावर बारीक बुडबुडा यायचा आणि फुटायचा.



"गाडी बंद कर," ते म्हणाले. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. ते उठले आणि त्यांनी स्वतःच पुढं होऊन किल्ली फिरवली.

"अप्पा! काय करताय?"

"हेड फुटलंय."

रणधीर शिट्टी वाजवत धावत आला. "काका, व्हा बाजूला! दाखला तुमचाच हाय ना?"

"दाखला मागं घेतो."

"तसं मागं घेता येत न्हाय. अर्ज लागंल, शाळेच्या शिक्क्यानिशी."

"मग शर्यत थांबवा अर्ज येईपर्यंत."

लोक ओरडू लागले. 'घाबरला मास्तर' असंही कुणी ओरडलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. राजनंदिनीनं हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांत पाणी आणि राग, दोन्ही.

"अप्पा, चार महिने झाले मी याच्यामागं फिरतीय. फटाका वाजला म्हणून तुमी..."

अप्पा काही न बोलता पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. "माझ्यावरून न्यायची असली तर ने," ते म्हणाले आणि ती खरंच नेईल की काय, या विचारानं त्यांनी डोळे मिटले.

गर्दीतून वाट काढत दीपमाला मॅडम पुढं आल्या. "हत्तरगे, कशावरून फुटलंय? सिद्ध करा."

सिद्ध करा म्हटल्यावर अप्पांच्या अंगात सव्वीस वर्षांची नोकरी जागी झाली. हेड उतरवलं. जनरेटरच्या कॅनमधलं डिझेल त्यांनी फडक्यानं त्यावर चोळलं, पाच मिनिटं थांबले, मग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं. खिशातला खडू कुस्करून त्याची पूड वर भुरभुरली. हेड पांढरं झालं. सगळे वाकून बघत होते. वीरप्पाही गाडी सोडून आला होता.

आधी काहीच दिसलं नाही. अप्पांना घाम फुटला. आपण चुकलो असलो तर? मग प्लगच्या भोकापाशी पांढऱ्यावर एक काळा ठिपका उमटला, ओलसर, आणि तो हळूहळू लांबत गेला. खोलवर शिरलेलं डिझेल भेगेतून बाहेर येत होतं. रेघ प्लगपासून निघाली, जवळजवळ कडेपर्यंत गेली आणि थांबली. आणखी अर्धं बोट गेली असती तर हेडाचे दोन तुकडेच झाले असते.

रणधीरनं ते हातात घेतलं, बघितलं आणि राजनंदिनीच्या हातात दिलं.

"हे तुझ्या गुडघ्यांच्या मधी हुतं," तो हळूच म्हणाला.

दोरापलीकडं रामकिसनराव मटकन खाली बसले होते.

राजनंदिनीनं त्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला. मग तिनं हेड फडक्यात गुंडाळून सॅकमध्ये ठेवलं, सॅकमधूनच आपलं साधं कंपनीचं हेड काढलं आणि पाना घेतला. चार नटांचं काम. वीरप्पानं स्वतःहून हेडाखाली घालायचं नवं गॅस्केट दिलं. तोवर दोन-तीन गाडीवाल्यांनी अप्पांसमोर आपापली हेडं आणून धरली. "मास्तर, आमचंबी बघता का जरा?" आधीच हबकलेले अप्पा म्हणाले, "सकृद्दर्शनी बघतो," आणि कॅनमध्ये डिझेल किती उरलंय ते बघायला गेले.

अर्ध्या तासानं पुन्हा दोन्ही गाड्या रेषेवर आल्या.

"काका, आता तुमी गेलात तरी चालंल," रणधीर म्हणाला. "कंपनीच्या हेडाला दाखला लागत न्हाय."

अप्पा तत्परतेनं वळले. दोराकडं जाणारा तो रस्ता त्यांना स्वर्गासारखा दिसला.

"अप्पा," मागून राजनंदिनी म्हणाली. हेल्मेटमधून आवाज बारीक येत होता. "थांबा की जरा शेजारी."

अप्पांनी दोराकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग आले आणि पाच फूट नव्हे, चांगले तीन फुटांवर उभे राहिले.

रणधीरनं झेंडा वर नेला. आवाज चढत गेला, चढत गेला; अप्पांनी छातीवरची पुस्तकं दोन्ही हातांनी घट्ट धरली. तेवढ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं, गरम धुराचा लोट तोंडावर आला आणि मग एकदम शांत झालं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर नुसता रस्ता होता आणि लांबवर दोन ठिपके.

ती हळूहळू गाडी चालवत परत आली. वीरप्पा दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं गेला होता. तिनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते, पण ती हसत होती.

"हारले, अप्पा. पर सुटताना कशी सुटले? बघितलं ना तुमी?"

अप्पांना खोटं बोलवेना. "न्हाय गं पोरी. डोळे मिटले होते मी."

राजनंदिनी जरा पुढं वाकली, बापाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

"कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. "माझेबी."